लेबलवरचं लिखाण

आमच्या गल्लीत मला अजूनही काही जण ‘भंगारवाली वहिनी’ म्हणतात. तोंडावर म्हणत नाहीत, पण गल्ली अरुंद आहे आणि माझे कान धंद्याने तयार झालेले आहेत. म्हणोत बापडे. लोक रेकॉर्डी किलोवर विकत होते तेव्हा मी त्या किलोवरच घेतल्या, हे खरं आहे. आता त्याच रेकॉर्डी न्यायला मुंबई-पुण्याची माणसं अमरावतीला उतरतात आणि गल्लीच्या तोंडाशी विचारतात, ‘शालिनीताईंचं दुकान कुठे?’ तेव्हा हेच लोक ‘आमच्या ताईचं का?’ म्हणत त्यांना दारापर्यंत सोडायला येतात.

या अंकाच्या संपादकांनी निरोप दिला की धंद्यातले गोड अनुभव लिहा. गोड अनुभव माझ्याकडे थोडे आहेत. भांडणं मात्र मुबलक आहेत. त्यातलं जे मला सगळ्यात प्रिय आहे, तेच लिहिते.

माझं माहेर अकोल्याचं. बाबांची लाऊडस्पीकर सर्व्हिस होती. दोन भोंगे, एक अॅम्प्लिफायर, बॅटरी आणि रेकॉर्डींची लाकडी पेटी, एवढ्यावर बाबांनी अर्ध्या जिल्ह्याची लग्नं लावली. मोठ्या लग्नात वरपक्षाचा भोंगेवाला वेगळा आणि वधूपक्षाचा वेगळा. दोघं एकाच मांडवात शेजारी बसायचे, एकमेकांच्या रेकॉर्डी मागून घ्यायचे, आणि वरात निघाली की कोणाची कोणती यावरून जुंपायची. म्हणून वऱ्हाडातल्या भोंगेवाल्यांची एक रीत होती. रेकॉर्ड विकत आणली की वाजवण्याआधी तिच्या मधल्या गोल लेबलवर पांढऱ्या ऑइलपेंटने आपलं नाव घालायचं. बाबा बारीक ब्रशने, श्वास रोखून लिहायचे. रंग खाचांमध्ये ओघळू नये म्हणून तो वाळेस्तोवर रेकॉर्ड दोन तळहातांत कडेने सपाट धरून बसावं लागे. ते काम माझं होतं. नाक खाजलं तरी हलायचं नाही.

पुढे कॅसेट आली. भोंगेवाल्यांनी पेट्याच्या पेट्या अडगळीत टाकल्या. मी तोवर लग्न होऊन अमरावतीला आले होते. आमचे हे शाळेत कारकून. त्यांना घरात भाजी कमी आणि रेकॉर्डी जास्त येताना दिसू लागल्या, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "हे खाता येते काय?" मी म्हटलं, "येईल." यायला बराच काळ लागला, पण आलं.

ज्यांना या धंद्यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. रेकॉर्ड म्हणजे साच्यातून काढलेला छाप. साचा नवा असतो तेव्हा पहिल्या खेपेचा माल निघतो, त्यात आवाज कोरा करकरीत असतो. साचा झिजतो तसा आवाज बसतो. पुढे तेच गाणं दुसऱ्या साच्यातून, हलक्या मालावर पुन्हा निघतं. वरून दोन्ही सारख्याच काळ्या दिसतात. फरक कळतो तो गाणं संपल्यावर जी मोकळी गुळगुळीत पट्टी असते, तिच्यात कोरलेल्या बारीक आकड्यांवरून. म्हणून आम्ही माल घेताना रेकॉर्ड उजेडात तिरपी धरून, डोळे बारीक करून बघतो. माझ्या धाकट्या जावेला वाटायचं की मी तांदूळ निवडते तशी गाणी निवडते. फार चुकीचं नव्हतं ते.

आणि मग असते प्रत, म्हणजे मालाचा दर्जा. हौशी लोकांनी मालाच्या प्रती ठरवल्या आहेत: न वाजवलेली, उत्तम, बरी, खराब. चरा असला की प्रत उतरते, पाकीट फाटलं की उतरते. लेबलवर कोणी काही लिहिलं असेल तरी उतरते, त्याला ‘लेबलवर लिखाण’ म्हणतात. म्हणजे माझ्या बाबांनी श्वास रोखून केलेलं सगळं काम या लोकांच्या हिशेबी खराबी आहे. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोन दिवस दुकान उघडलं नव्हतं.

आमच्याकडे या मालाचा खरा शत्रू ऊन. अकोल्या-अमरावतीच्या मे महिन्यात पत्र्याखाली ठेवलेली रेकॉर्ड पापडासारखी वळते. एकदा अचलपूरला एका घरी माल बघायला गेले. कपाटातल्या सगळ्या रेकॉर्डी वाकड्या. मी उठतच होते, तेवढ्यात घरच्या आजींनी पाणी दिलं. माठावर झाकण म्हणून रेकॉर्ड! उचलून पाहिली तर अगदी सपाट, आणि पहिल्या खेपेची. घरात तेवढी एकच थंडाव्याला होती. मी विकत मागितली, तर आजी म्हणाल्या, "ने व माय, पन मंग माठावर काय झाकू?" मी बाजारातून पितळेची ताटली आणून दिली आणि रेकॉर्ड घेऊन आले.

दुसरे एक गृहस्थ नांदगाव पेठेतल्या कापडाच्या कारखान्यात मॅनेजर. त्यांना भावाच्या कॉफीच्या दुकानात भिंतीला रेकॉर्डी ठोकायच्या होत्या. "कोणत्याही द्या, फक्त काळ्या पाहिजेत." मी विचारलं, "खिळा कुठून मारणार?" म्हणाले, "मधून. भोक आहेच ना." मी त्यांना तुटक्या-वाकड्या दिल्या, चांगलीला हात लावू दिला नाही. ते हसत म्हणाले, "आई, दुकान आहे की देऊळ?" मी म्हटलं, दुकानच आहे, म्हणून तर नाही म्हणता येतं. देवळात येईल त्याला आत घ्यावंच लागतं.

आता देवकाबाईची गोष्ट.

बाबांच्या पेटीत एक लहान रेकॉर्ड होती, बशीएवढी. धामणगाव रेल्वे या गावच्या एका कापसाच्या जिनिंगवाल्या शेटजींनी मुलीच्या लग्नात ती मुद्दाम काढून घेतली होती आणि पाहुण्यांना आहेर म्हणून वाटली होती. एका बाजूला हळदीची गाणी, दुसऱ्या बाजूला जात्यावरच्या ओव्या. टेप घेणारा माणूस जिनातच आला होता. गाणारी होती देवकाबाई वानखडे, त्याच जिनात सरकी उचलणारी बाई. लेबलवर शेटजींचं नाव आहे, वधूवरांची नावं आहेत, ‘सप्रेम भेट’ आहे. देवकाबाईचं नाव नाही. ते घालावं असं कोणाच्या डोक्यातच आलं नसेल.

त्या लग्नात भोंगा बाबांचा होता. भोंग्यातून स्वतःचा आवाज येताच देवकाबाई मांडवाबाहेर कशी थिजून उभी राहिली, ते बाबा नेहमी सांगायचे. पुढे गावोगावच्या लग्नांत बायका येऊन म्हणायच्या, "भाऊ, थे हळदीचं लाव न." बाबांनी मग त्या रेकॉर्डवर आपल्या सर्व्हिसचं नाव घातलंच नाही. पांढऱ्या रंगात लिहिलं, ‘देवकाबाई वानखडे’. मी विचारलं, आपलं नाव काहून नाही? म्हणाले, "गाते कोन, मी का थे?"

ती रेकॉर्ड माझ्याकडे आली तेव्हा वाजून वाजून करडी पडली होती. तरी मी तिच्या लेबलचा फोटो मोबाईलवरून इंटरनेटवर टाकला. काही दिवसांनी अचलपूरच्या बसने एक म्हातारी दुकानात आली, सोबत भाचा. भाच्याने फोटो पाहिला होता आणि नाव वाचून दाखवलं होतं. ही शेवंताबाई, देवकाबाईची मुलगी. तिला स्वतःला वाचता येत नाही.

मी रेकॉर्ड लावली. चरचर, खरखर, आणि त्यामागे कुठेतरी एक बाई. शेवंताबाई पदर तोंडाशी धरून ऐकत होती.

"आवाज लय थकला व मायचा," ती म्हणाली. मग एकदम तिखट झाली. "मी लहान होती, तवा भोंग्यावर हे गानं लागे. मी पोट्ट्याइले सांगू, हे माही माय हाय. थे हासत. म्हनत, तुही माय जिनात सरकी उचलते, थे रेकॉर्डीत कशी जाईन? लगन झाल्यावर सासरच्याइले सांगतलं, थे बी हासले. आता नातू हासते. मले आजवर एकानंबी खरं मानलं नाई."

भाच्याने लेबलवरच्या नावावर बोट ठेवून पुन्हा वाचून दाखवलं. शेवंताबाईने ते नाव बराच वेळ पाहिलं. "नाव हाय, पन मायचा आवाज समजत नाई कोनाले," ती म्हणाली. मी सुई उचलून ठेवली.

त्यानंतर वर्षभरात धामणगावच्या एका जुन्या घरातून मला तीच रेकॉर्ड पुन्हा मिळाली. त्या घरात प्लेअर कधी नव्हताच. आहेर मिळाला तसा ट्रंकेत गेला, तो ट्रंकेतच राहिला. पाकीट कोरं, लेबल चकचकीत, खाचांना सुई कधी लागलेली नाही. मी दुकानात आणून लावली आणि खुर्चीत बसून राहिले. त्या बाईचा श्वास ऐकू येत होता. ओवी संपता संपता ती किंचित हसते, तेही ऐकू येत होतं. एका प्रतीवर नाव होतं आणि आवाज गेला होता. दुसरीवर आवाज होता आणि नाव नव्हतं.

पुण्याचे कर्णिकसाहेब माझे जुने गिऱ्हाईक. इंजिनिअर होते, निवृत्तीनंतर खासगी रेकॉर्डींचा संग्रह आणि सूची हेच त्यांचं आयुष्य. माझा माल त्यांनी कधी फुकट मागितला नाही, आणि बायकांशी बोलताना आवाज चढवला नाही. लाखेच्या जुन्या तबकड्या स्पिरिटने पुसायच्या नाहीत, लाख विरघळते, हे त्यांनीच मला शिकवलं. मी फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी आधी मोकळ्या पट्टीतले आकडे वाचून घेतले. मग म्हणाले, "ताई, ही मला द्या. तुम्ही म्हणाल तो भाव." मी हो म्हटलं. त्या भावात दुकानावरचा पत्रा काढून स्लॅब पडला असता आणि उन्हाळ्यातली माझी जिवाची तगमग संपली असती, हेही सांगून टाकते.

माल जाण्याआधी शेवंताबाईला आईचा आवाज ऐकवावा म्हणून ज्या दिवशी कर्णिक येणार होते त्याच दिवशी तिलाही बोलावलं. दोघं समोरासमोर बसली. मी सुई ठेवली.

हळदीचं गाणं सुरू झालं आणि शेवंताबाईचा चेहरा बघवेना. ती रडली नाही. ओठांनी सोबत म्हणत होती, एकही शब्द न चुकता. ओवीशेवटी ते हसू आलं, तेव्हा तीही तसंच हसली. कर्णिकांनी चष्मा काढून पुसला. ते खरे रसिक आहेत, त्यात मला कधी शंका नव्हती.

मी म्हटलं, "साहेब, तुमच्या सूचीत नाव कसं घालाल?"

"अज्ञात गायिका," ते म्हणाले.

"अज्ञात कशी? तिची लेक तुमच्यासमोर बसली आहे."

"ताई, मला कळतं हो. पण लेबलवर नाही ते मी लिहायला लागलो, तर उद्या कोणीही येईल आणि कोणाचंही नाव सांगेल. मग सूचीला अर्थ काय राहिला?"

"आणि माझ्या बाबांनी घातलेलं नाव?"

त्यांनी जुनी प्रत हातात घेतली, उलटसुलट पाहिली. "हे ध्वनिक्षेपकवाल्याचं लिखाण. हा पुरावा होत नाही, ही लेबलची खराबी होते. वाईट वाटून घेऊ नका. हा रंग थिनरने हळूच निघेल, हवं तर मी पुण्याला नेऊन काढून देतो. खालचं छापील लेबल बहुतेक शाबूत असेल."

ते मदतच करत होते. मी मात्र ती प्रत त्यांच्या हातातून काढून घेतली. बाबा डोळ्यांपुढे आले, श्वास रोखलेले, आणि समोर तळहातांत रेकॉर्ड धरून बसलेली मी. ते सगळं एका कापसाच्या बोळ्यावर निघून आलं असतं.

"काय म्हनून राहिले थे?" शेवंताबाईने मला विचारलं.

मी सांगितलं. तुझ्या आईचं नाव लेबलवर छापलेलं नाही, म्हणून यांना लिहिता येत नाही.

"मंग लिवून टाका न लेबलावर," ती म्हणाली. "त्यात काय हाय एवढं? तुमच्या बाबानं नोयतं लिवलं काय?"

कर्णिक हसले. त्यांना वाटलं, म्हातारीची गंमत. मलाही क्षणभर तसंच वाटलं. मग मी उठले. दुकानाची पाटी रंगवून उरलेला पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा फळीखाली होता. बाबांचा ब्रश त्यांच्या पेटीत होता, केस जरा आखडलेले. टर्पेंटाईनमध्ये बुडवून ते मऊ केले.

"ताई," कर्णिक उभे राहिले. "नका करू. कृपा करून नका. अशी कोरी प्रत जगात कदाचित ही एकच आहे."

"म्हणूनच करते."

"तुमचं माझ्याशी बोलणं झालं होतं."

"झालं होतं. तुम्ही अजूनही नेऊ शकता. भाव निम्मा करा, पाव करा, मी तोंडातून शब्द काढणार नाही. पण ही नावाशिवाय या दारातून बाहेर जाणार नाही."

"तुम्ही एका कागदपत्रावर खोटी भर घालताय."

"खोटी?" माझा आवाज चढला, तो चढू दिला. "साहेब, लेबलवर शेटजींचं नाव आहे. ते गायले? जावयाचं नाव आहे, तो गायला? ज्यांनी एक सूर काढला नाही त्यांची नावं छापलेली चालतात, आणि गायली तिचं घातलं तर खराबी होते. असल्या प्रतीची मला गरज नाही. छापणाऱ्यांनी जे काम अर्धं ठेवलं ते अकोल्याच्या एका भोंगेवाल्याने पुरं केलं होतं. मी त्याची मुलगी आहे."

मी श्वास रोखला आणि लिहिलं. शेटजींच्या नावाच्या वर थोडी जागा होती, तिथे. बाबांच्या अक्षरासारखं अक्षर आलं नाही. ‘ख’ थोडा पसरला. तरी दुकानाच्या दारातून वाचता येईल इतकं ठळक आलं.

कर्णिकांनी वाकून ती ओली अक्षरं पाहिली. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, दुखावलेपण होतं, आणि ते मला आजही आठवतं. त्यांची बाजू मला समजते. उद्या माझ्यासारख्या दहा बाया ब्रश घेऊन बसल्या तर त्यांच्या आयुष्याच्या कामाचं वाटोळं होईल. त्यांनी पिशवी उचलली, शेवंताबाईला नमस्कार केला, मला केला नाही, आणि ते गेले. स्लॅबही त्यांच्यासोबत गेला. परवाच्या उन्हाळ्यातही मी पत्र्यावर ओली पोती टाकत होते.

मी ओली रेकॉर्ड शेवंताबाईकडे दिली. दोन तळहात कडेला कसे लावायचे ते दाखवलं. "वाळेस्तोवर हलायचं नाही," म्हटलं.

"नाई हालत," ती म्हणाली, आणि खरंच हलली नाही. दुपारचं ऊन उंबऱ्यावरून सरकून बाहेर गेलं. शेवटची बस चुकेल म्हणून भाचा कुरकुरत होता. तिने त्याला डोळ्यानेच गप्प केलं. मग मला विचारलं, नाव सुरू कुठून होतं? मी ‘दे’ दाखवला. तिने न राहवून त्याला बोट लावलंच. रंग पुरता वाळला नव्हता. ‘दे’च्या मात्रेवर तिच्या बोटाचा ठसा उमटला. ती घाबरली. "खराब झालं काय व?"

"नाही," मी म्हटलं. "आता पक्कं झालं."

ते गाणं मी तिच्या भाच्याच्या मोबाईलमध्ये भरून दिलं आणि लेबलचा फोटो काढून दिला, नाव सरळ दिसेल असा. आता ती दुसऱ्या लोकांकडून आधी नाव वाचून घेते आणि मगच गाणं लावू देते, असं भाचा सांगत होता. नातू हसायचा थांबला. सासरकडचं एक माणूस मात्र म्हणालं, हे नाव तर मागाहून रंगवलेलं दिसते. शेवंताबाईने उत्तर दिलं, "हव. मागून रंगवलं. माह्यासमोर रंगवलं."

कर्णिकसाहेब अजून माझ्याकडून माल घेतात. या रेकॉर्डचा विषय ते काढत नाहीत, मीही काढत नाही. रेकॉर्ड दुकानात समोरच्या फळीवर आहे आणि विकाऊ आहे. भाव कोऱ्या प्रतीचा, एक पैसा कमी नाही. प्रत उत्तम, लेबलवर लिखाण आहे. लिखाण काढून मिळेल का, असं बाहेरगावचे लोक विचारतात. मिळणार नाही.

शेटजींनी त्या लग्नात रेकॉर्डी बऱ्याच वाटल्या होत्या, असं बाबा म्हणायचे. म्हणजे आणखी काही घरांत ती असणार, कोणाच्या ट्रंकेत, कोणाच्या माठावर. हा अंक वाचणाऱ्यांपैकी कोणाकडे ती निघाली, तर जरूर घेऊन या. विकत नाही दिलीत तरी चालेल. ब्रश मी धुऊन ठेवला आहे.